हॉटेल मॅनेजमेंटच्या प्रशिक्षणासाठी खासगी क्लब चालेल का?

धागाकर्ता (कॅम्प): हॉटेल मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्याने औद्योगिक प्रशिक्षणात फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, किचन आणि सर्व्हिस या चारही विभागांत काम करावे, अशी अपेक्षा असते आणि त्यासाठी बहुतेक मुले तारांकित हॉटेलांकडेच धाव घेतात. ज्या पुण्यात पूना क्लब १८८६ पासून आणि डेक्कन जिमखाना १९०६ पासून आहे, तिथे क्लबांचा विचार इतका कमी व्हावा हे मला पटत नाही. हॉटेलातला पाहुणा दोन दिवसांत निघून जातो. क्लबाचा सभासद मात्र वर्षानुवर्षे येतो, जेवण वाढणाऱ्याने आपल्या सवयी लक्षात ठेवाव्यात असे त्याला वाटते, आणि काही बिघडले तर तो थेट कमिटीकडे तक्रार नेतो. सेवेचे खरे शिक्षण अशा ठिकाणीच मिळते.

माजी ट्रेनी: असहमत. मी शहरातल्या एका क्लबात ट्रेनी होतो. लग्नसराईत लॉनवर खुर्च्या मांडणे, बुफेची भांडी भरणे आणि उष्ट्या प्लेटा उचलणे यापलीकडे फारसे काही वाट्याला आले नाही. ब्रेक शिफ्टमध्ये (सकाळी आणि संध्याकाळी काम, मध्ये सुट्टी) दुपारचे चार तास कुठे काढायचे, हा प्रश्न रोजचाच होता. लॉगबुक, म्हणजे ट्रेनीने केलेल्या कामाची नोंदवही, शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत भरून सही घेतली. सभासदांच्या सवयी ओळखण्याइतका वेळ डायनिंग हॉलमध्ये मिळालाच नाही.

धागाकर्ता: आपला अनुभव खोटा म्हणण्याचे कारण नाही; पण बँक्वेटला (लग्न-समारंभांच्या कामाला) जुंपणे आणि कोरे लॉगबुक हे हॉटेलांतही चालते. तो दोष क्लबाचा कसा?

किचनवाला: दोघांचेही अर्धेच बरोबर आहे. क्लबाचे किचन लहान असते, माणसे कमी असतात, त्यामुळे होतकरू मुलगा लवकर शेगडीपाशी पोहोचतो. मोठ्या हॉटेलात तोच मुलगा महिनाभर भाज्या चिरत राहू शकतो. मात्र अनेक क्लबांत खोल्या मोजक्याच असतात किंवा नसतातच. तिथे हाउसकीपिंग आणि फ्रंट ऑफिस काय शिकवणार? म्हणून संपूर्ण प्रशिक्षण क्लबात करू नये; सुट्टीतले महिना-दीड महिना जरूर करावे. (सभासदाने सही केलेले बिल महिनाअखेरीस त्याच्या खात्यात चढते आणि केओटीतली, म्हणजे किचनला दिलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठीतली, चूक तेव्हा उघडी पडते, हा धडाही तिथेच मिळतो.)

कोथरूडची पालक: शिक्षणाची चर्चा ठीक आहे, पण पैशाचे काय? शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील नियमांत २०१९ साली दरमहा ५,००० ते ९,००० रुपयांचे किमान विद्यावेतन ठरले. परंतु अभ्यासक्रमाचा भाग म्हणून होणारी इंटर्नशिप आपोआप त्या कायद्याखाली येत नाही आणि त्या फटीचा फायदा घेतला जातो. कार्यक्रम रात्री साडेअकराला संपल्यावर मुलीने घरी कसे यायचे, हेही कोणी सांगत नाही. हॉटेल काय आणि क्लब काय, माझ्या दृष्टीने सारखेच.

माजी ट्रेनी: या मुद्द्यावर मात्र क्लबाला सूट देता येणार नाही. सभासद स्वतःच मालक असतात, कमिटी त्यांनीच निवडलेली असते. विद्यावेतन आणि रात्रीची गाडी मंजूर करायला त्यांना कोणत्याही मुख्यालयाची वाट पाहावी लागत नाही. महाविद्यालयाने विभागवार वेळापत्रक आधी लेखी घ्यावे आणि दर पंधरवड्याला शिक्षकाने प्रत्यक्ष येऊन लॉगबुक तपासावे. एवढे मान्य करणारा क्लब असेल, तर माझा विरोध मागे.

धागाकर्ता: विभागवार वेळापत्रक मान्य. पण दर पंधरवड्याला येण्याइतके शिक्षक महाविद्यालयांकडे आहेत का?