मदत हवी आहे: गाडीच्या छतावरचं लॅकर (रंगावरचा पारदर्शक थर) निघतंय, नेमकं कुठवर घासू?

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरी 2012 ची लाल गाडी आहे, बाबांनी कापसाच्या पैशातून घेतलेली. आईला तपासणीला सेवाग्रामला तिच्यातूनच नेतो, त्यामुळे विकायचा विचार नाही.

टीनाचं शेड गेल्याच वर्षी टाकलं. त्याआधी सगळे उन्हाळे गाडी अंगणात उघडीच होती. आता छताचं आणि बोनटचं लॅकर भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखं सुटतंय. खालचा लाल रंग पांढुरका पडलाय. दारं मात्र अजून चकचकीत आहेत.

रविवारी 400 नंबरचा वॉटर पेपर घेऊन बसलो. एक कडा सपाट केली की चार बोटं पुढे दुसरी उचलते. तालुक्याचे एक पेंटर म्हणतात, थोडं घासून वरून लॅकर मारू. दुसरे म्हणतात, सगळं पत्र्यापर्यंत काढा. दोघांचा खर्च ऐकून झोप उडाली. कॉम्प्रेसर आणि रंग फवारायची गन शेजारच्या भाऊंकडे आहे. कुठवर घासायचं, एवढं कळलं तर मी स्वतः करीन.

प्रतिसाद:
दादा, सुटलेल्या लॅकरवर नवं लॅकर मारू नका, खालचं निघालं की वरचंही त्याच्यासोबत जाईल. पत्र्यापर्यंत जायचीही गरज नाही. घासताना पाण्याकडे लक्ष ठेवा. पांढरं, दुधासारखं पाणी आलं तर अजून लॅकरवर आहात, लाल झालं की रंगाला लागलात. कडेवर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पापुद्रा आला तर पुढे सरका. बोट फिरवून कडा लागली नाही पाहिजे. नवं लॅकर मारताना छत आणि बोनट पूर्णच करा, मधेच थांबलात तर उन्हात जोड दिसतो.

धागाकर्ता:
भाऊ, चिकटपट्टी लावून पाहिली. छताच्या मागच्या भागात दोन हात जागा पक्की निघाली, तीही काढू का? आणि दोन ठिकाणी रंगाखालचा राखाडी प्रायमर उघडा पडलाय.

प्रतिसाद:
पक्की जागा राहू द्या, फक्त 800 च्या पेपरनं घासून चमक घालवा. राखाडी दिसतंय तिथे हार्डनरवाला (थर कडक करणारं द्रव्य मिसळायचा) प्रायमर, वाळला की तोही 800 नं घासा. मग रंग, शेवटी लॅकरचे दोन हात. लॅकरही हार्डनरवालंच घ्या, साधा स्प्रेचा डबा आपल्या उन्हात टिकत नाही. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेवढंच.

काम फेब्रुवारीतच उरका. एप्रिल-मेच्या उन्हात थिनर गनमधून निघता निघताच उडतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. पावसाळ्यात दमटपणानं लॅकर धुरकट होतं.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला फार वाईट, त्यातून दमा लागू शकतो. रुमाल किंवा कापडी मास्क त्याला अडवत नाही. रंगकामाचा कार्ट्रिजवाला मास्क, चष्मा, हातमोजे घालूनच गन धरा. आई आणि जनावरं त्या दिवशी शेडपासून लांब ठेवा. मास्क मिळाला नाही तर फक्त घासणं तुम्ही करा आणि प्रायमरसकट सगळी फवारणी बूथवाल्याकडून (रंगकामाची बंद खोली असलेल्या पेंटरकडून) करून घ्या. घासायची मजुरी वाचली तरी बराच खर्च कमी होतो.

धागाकर्ता:
मास्क यवतमाळला पाहतो. नाही मिळाला तर सगळी फवारणी बूथमध्येच.