टॉयलेट रोल, किचन रोल, टिश्यू: पाकिटावरचं नेमकं काय वाचायचं?

पानगळ:
टॉयलेट रोल, किचन रोल आणि तोंड पुसायचे टिश्यू, तिन्ही पर्यावरणाला कमी जड जातील असे घ्यायचे आहेत. पाकिटावर 'नैसर्गिक', 'बांबू', 'क्लोरिन फ्री', 'एफएससी' असं बरंच काही छापलेलं असतं. त्यातलं कामाचं कोणतं? तपकिरी कागद आपोआप चांगला धरायचा का? आणि वापरलेला किचन पेपर रद्दीत टाकायचा की खतात?

लगदा_आणि_चाळणी:
आधी कागद कशापासून बनला ते बघा, रंग नंतर. 'पोस्ट-कन्झ्युमर रिसायकल्ड' म्हणजे लोकांनी वापरून टाकलेल्या कागदाचा लगदा. नुसतं 'रिसायकल्ड' लिहिलं असेल तर त्यात छापखान्यातल्या कातरणीही धरलेल्या असू शकतात. त्या तशाही परत लगद्यात जातातच, म्हणून पोस्ट-कन्झ्युमरची टक्केवारी शोधा. टक्केवारीच दिली नसेल तर मी ते पाकीट परत ठेवेन.

एफएससी म्हणजे जंगल जपून घेतलेल्या लाकडाला प्रमाणपत्र देणारी संस्था. तिचे शिक्के तीन. 'रिसायकल्ड' म्हणजे सगळा माल पुनर्वापराचा. '१००%' म्हणजे सगळा माल प्रमाणित जंगलातला, पण नवीन लाकूडच. 'मिक्स'मध्ये दोन्ही असू शकतं, शिवाय प्रमाणित नसलेलं, पण बेकायदा तोडीचं नाही एवढं तपासलेलं 'नियंत्रित' लाकूडही. एकदा वापरून फेकायच्या वस्तूसाठी पहिला शिक्का सगळ्यात बरा. कागदाचे तंतू दर फेरीत आखूड होत जातात, साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर त्यांचा कागद धड बनत नाही. टिश्यू ही त्यांची शेवटची फेरी, कारण वापरलेला टिश्यू परत लगद्यात जात नाही. अशा ठिकाणी लांब तंतूंचं ताजं लाकूड घालणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

तपकिरीबद्दल: तपकिरी म्हणजे ब्लीच न केलेला, एवढंच. तो पूर्णपणे नव्या लाकडाचाही असू शकतो. उलट राखाडी छटेचा, बारीक ठिपके दिसणारा कागद बहुधा रद्दीचा असतो.

ओझोन_३:
ब्लीचचं मी सांगतो, कारण 'क्लोरिन फ्री'मध्ये हमखास फसगत होते. 'एलिमेंटल क्लोरिन फ्री' म्हणजे क्लोरिन वायू वापरला नाही, पण क्लोरिन डायऑक्साइड वापरला. त्यानं डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं खूप कमी होतात, तरी सांडपाण्यात क्लोरिनयुक्त सेंद्रिय घटक थोडे उतरतातच. 'टोटली क्लोरिन फ्री'मध्ये ऑक्सिजन, ओझोन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, क्लोरिन अजिबात नाही. ही खूण नव्या लगद्याची. रिसायकल्ड कागदावर 'प्रोसेस्ड क्लोरिन फ्री' लिहितात, म्हणजे पुन्हा कागद करताना क्लोरिन वापरला नाही एवढंच, कारण मूळ रद्दी कशानं पांढरी केली होती ते कोणालाच सांगता येत नाही.

बांबूबद्दल मात्र सावध. तो झपाट्यानं वाढतो आणि तोडल्यावर मुळातून परत फुटतो, हे खरं. पण त्याचा लगदाही रसायनांनीच शिजवावा लागतो, आणि लागवडीसाठी आधीचं जंगल साफ केलं असेल तर सगळा हिशेब उलटतो. माझ्या मते क्रम असा: पोस्ट-कन्झ्युमर, मग प्रमाणित बांबू, शेवटी नवीन लाकूड.

नळदुरुस्ती:
खरेदीइतकंच वापरल्यानंतरचंही बघा. किचन रोल ओला झाल्यावर फाटू नये म्हणून त्यात ओल्या मजबुतीची राळ घातलेली असते. तोच कागद संडासात टाकला की पाइपच्या वळणावर अडकतो. घरीच तपासा: झाकणाच्या दोन बरण्या अर्ध्या पाण्यानं भरा, एकीत टॉयलेट पेपरचा तुकडा आणि दुसरीत किचन पेपरचा, आणि दोन्ही अर्धा मिनिट जोरात हलवा. पहिल्याचा पातळ चोथा होतो, दुसरा अख्खाच्या अख्खा बाहेर निघतो. चेहऱ्याच्या बऱ्याच टिश्यूंमध्येही ही राळ असते, तेव्हा तेही डब्यात. ओले वाइप्स तर टाकूच नका, त्यातल्या अनेकांत पॉलिएस्टरचे धागे असतात.

रद्दीत यातलं काहीच चालत नाही. भाजीचं पाणी, सांडलेलं जेवण पुसलेला साधा कागद खतात चालतो. बोटाएवढे तुकडे करून ओल्या कचऱ्यात मिसळा, बोळा करून टाकलात तर आतला भाग कोरडाच राहतो. फिनाइल किंवा जंतुनाशक लागलेला, नाहीतर तेलानं निथळणारा कागद सुक्या कचऱ्यात. रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी मात्र खुशाल रद्दीत द्या.

पानगळ:
धन्यवाद. कागदी प्लेट आणि बेकिंग पेपर कुठे बसतात?

लगदा_आणि_चाळणी:
प्लेटची कड हळूच फाडून बघा. फाटताना पातळ पापुद्रा ताणला गेला तर वर प्लास्टिकचा थर आहे. अशी प्लेट खतात टाकू नका. 'पीएलए' म्हणजे वनस्पतींपासून केलेल्या प्लास्टिकचा थर असेल तर तो साध्या खड्ड्यात कुजत नाही, त्याला औद्योगिक खत प्रकल्पातली जवळपास ६० अंशांची उष्णता लागते. बेकिंग पेपरवर बहुतेक वेळा सिलिकॉन असतं, रद्दीत चालत नाही. पण तो जळकट होईपर्यंत दोन-तीनदा वापरता येतो, दर वेळी नवा घ्यायची गरज नाही.

आणि रोलची तुलना नगावर करू नका. 'जम्बो' म्हणवणारा रोल अनेकदा नुसता सैल गुंडाळलेला असतो. वजन बघा, नाहीतर पानांची संख्या आणि एका पानाची लांबी-रुंदी.

ओझोन_३:
ओटा पुसायला जुन्या सुती कापडाचे हातभर तुकडे ठेवा, किचन रोल फक्त तेलकट कामापुरता. मायक्रोफायबर नको, दर धुण्यात प्लास्टिकचे बारीक तंतू सोडतं.