पोकर: रिव्हरला (शेवटच्या पत्त्यावर) समोरच्याने ऑल-इन टाकलं, हातात टॉप पेअर (टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याची जोडी). कॉल (तेवढेच टाकून बघणं) करायचा होता का?

वाडीचा_गडी

गेल्या शनिवारचा हात आहे, तीन दिवस झाले डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतोय. मी सावंतवाडीचा. आधी ऑनलाइन छोट्या टेबलांवर खेळायचो, २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन गेम बंद झाले तेव्हापासून दोन-तीन महिन्यांतून एकदा पणजीला जातो, मांडवीतल्या एका कॅसिनोच्या बोटीवर. टेबल १००-२०० चं (पत्ते बघण्याआधी दोघांना टाकावेच लागतात, स्मॉल ब्लाइंड १००, बिग ब्लाइंड २००), माझ्यासमोर साधारण २०,००० होते.

मी बटनवर (फ्लॉपनंतर शेवटी बोलणारी जागा), हातात इस्पिकचा एक्का आणि किलवरची राणी. सगळे पॅक करत माझ्यापर्यंत आले, मी ७०० केले, स्मॉल ब्लाइंड गेला, बिग ब्लाइंडवरच्या काकांनी कॉल केला. पॉट १,५००.

फ्लॉप (मध्ये उघडलेले पहिले तीन पत्ते) इस्पिकची राणी, इस्पिकची अठ्ठी, चौकटची पंजी. काका चेक (काही न टाकता पुढे), मी १,०००, कॉल. टर्नला (चौथा पत्ता) बदामाची दुर्री, काका परत चेक, मी २,५००, परत कॉल. पॉट झाला ८,५००. रिव्हरला इस्पिकचा गुलाम आला आणि मी अजून पत्त्याकडे बघतोच आहे तोवर काकांनी सगळे चिप्स पुढे ढकलले, मोजले तर ९,२०० निघाले.

मी दोनेक मिनिटं बसलो, घाम फुटला, शेवटी फोल्ड केलं, पत्ते टाकून दिले. त्यांनी पत्ते उलटेच सरकवले, दाखवले नाहीत. कदंबा बसमधून घरी येताना मित्र पूर्ण रस्ताभर ऐकवत होता की ४,२०० घातले होतेस ना, मग शो मागायला काय झालं, काकाने तुला गंडवलं. ९,२०० म्हणजे माझा गाडीचा हप्ता आहे हो, त्या भीतीनेच फोल्ड केलं की पत्ते बघून केलं हे मला खरंच कळत नाहीये. चुकलं का माझं?

करवीरची_ताई

आधी मित्राचं ते ४,२०० वालं डोक्यातून काढ. ते पैसे तू टाकलेस त्याच क्षणी पॉटचे झाले, ते तुझे होते म्हणून त्यांच्यामागे आणखी ९,२०० धाडायचे नसतात. आता फक्त एवढंच बघायचं की पुढचे ९,२०० किती मिळवायला जातायत.

पॉट ८,५०० आणि त्याचे ९,२०० म्हणजे १७,७००. तुझे धरून २६,९००. ९,२०० भागिले २६,९००, साधारण ३४ टक्के. म्हणजे तीनातून एकदा जिंकलास तरी थोडं कमीच पडतं, आणि हाऊसची रेक (कॅसिनोचा वाटा) कापली जाते ती वेगळी, त्यामुळे ३५ च धर.

आता तू कोणाला हरवतोस ते बघ. राणी-दश्शी, राजा-राणीवाला माणूस तिसरं इस्पिक पडल्यावर सगळे पैसे ढकलत नाही, तो गपचूप चेक करून शोची वाट बघतो. म्हणजे तू फक्त ब्लफला हरवतोस, हातात काही नसताना घाबरवायला टाकणाऱ्याला. तुझ्याकडच्या एक्क्यासकट चार इस्पिक दिसतायत, नऊ उरली, त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या ३६, त्यातली कुठलीही हातात असली की फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते). सगळ्याच काही कोणी खेळत नाही, बारा धर. राणी-गुलाम, म्हणजे दोन पेअर, त्याच्या ६. झाल्या अठरा. सेटच्या (हातात जोडी आणि मध्ये तसाच तिसरा पत्ता) ९ मी धरतच नाहीये, बहुतेक लोक दोन इस्पिकच्या फ्लॉपवर सेट घेऊन आधीच रेझ करतात, बेट वाढवतात.

अठरा खऱ्या असतील तर कॉल बरोबरीत सुटायला साडेनऊच्या आसपास ब्लफ पाहिजेत. ब्लफ कुठून येणार? सत्ती-छक्की, ज्याचा सिक्वेन्स लागला नाही. फ्लश झालेली जोडी सोडली तर तिच्या १५ होतात, पण काका ती दोन वेगवेगळ्या रंगांचीही खेळत असतील आणि प्रत्येक वेळी ऑल-इन मारत असतील तरच. एका रंगाचीच खेळत असतील तर उरतात ३. मी फोल्डच केलं असतं, आणि हप्ता नसता तरी केलं असतं.

राणीबागेतला_राजा

मला नाही पटत ताई. इस्पिकचा एक्का याच्या हातात आहे, नट फ्लश, म्हणजे एक्क्याचा सगळ्यात मोठा, समोरच्याकडे असूच शकत नाही! ८,५०० च्या पॉटवर ९,२०० आले की आपल्या हातांपैकी ४८ टक्के तरी कॉल करायला लागतात, नाहीतर समोरचा कुठलेही दोन पत्ते घेऊन ढकलत राहील आणि आपण पॅक करत बसू. टॉप पेअर, एक्का किकर (जोडीसोबतचा दुसरा पत्ता), वर इस्पिकचा एक्का. हा कॉल नाही तर मग कॉल कशाचा?

करवीरची_ताई

राजा, एक्का नसता तर इस्पिकच्या जोड्या ४५ होत्या, एक्क्याने ९ कमी केल्या, मान्य. पण उरलेल्या ३६ पैकी छोट्यात छोटा फ्लशसुद्धा त्याच्या एका पेअरला मारतो. नट फ्लशची भीती ज्याच्याकडे राजाचा फ्लश असतो त्याला. शिवाय नुसता इस्पिकचा एक्का धरून ब्लफ मारणारा माणूसही त्याच एक्क्याने बाद झाला ना. आणि ते ४८ टक्के जो भरपूर ब्लफ मारतो त्याच्यासाठी. कॉल करायला त्याच्याकडे सेट आहेत, राणी-गुलाम आहे, स्वतःचे फ्लश आहेत, सगळा भार या एका पेअरवर कशाला?

डिचोलीचो_पत्तेवालो

मी गोंयचा, २०२० पासून आम्हा गोंयकारांना कॅसिनोत खेळायला आत सोडत नाहीत, त्यामुळे माझं खेळणं चवथीच्या रात्री घरी काजू लावून. पण त्याआधी तीन वर्षं मी बोटीवर डीलर होतो, म्हणून थोडं बोलतो.

गडीबाब, गणित ताईने सांगितलं ते बरोबरच. मला त्यांच्या आधी काय झालं ते जास्त दिसतं. दोनदा चेक-कॉल केलेला माणूस, तू दोनदा बेट टाकलेलीस, तिसऱ्यांदाही टाकशील असं त्याला वाटायला हवं. तरी तो थांबला नाही, स्वतःहून ढकलले. का? कारण तिसरं इस्पिक बघून तू आता चेक करशील आणि त्याचे पैसे बुडतील ही त्याला भीती. असा हात माझ्या टेबलावर उघडला की बहुतेक वेळा फ्लशच असायचा, फसवणारा क्वचित.

आणखी एक, हे कोणी बोललं नाही. तिकडे येणारे कितीतरी लोक तीन पत्तीतून आलेले असतात. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो, पोकरमध्ये उलट, फ्लश वर. त्या सवयीचा माणूस दश्शी-नव्वीवर गुलाम पडला की डोळे मिटून ढकलतो, समोर तीन इस्पिक आहेत हे त्याला दिसतच नाही. त्याचं चुकलं तरी तुला तो मारतोच. म्हणजे त्या अठरामध्ये दश्शी-नव्वीच्या थोड्या घाल. (दोन्ही इस्पिकची असतील तर स्ट्रेट फ्लश, मग देवही वाचवायचा नाही.)

काका आधी कसे खेळत होते? ते सांग, बाकी सगळं त्याच्यापुढे कमी.

वाडीचा_गडी

दोन तासांत त्यांनी मोठी बेट एकदाच टाकली होती, तेव्हा अठ्ठ्यांचा सेट दाखवला होता. बाकी नुसतं कॉल-कॉल-पॅक. हे मी टेबलावर बघितलं होतं पण त्या दोन मिनिटांत आठवलंच नाही, डोक्यात फक्त ९,२०० आकडा फिरत होता. म्हणजे फोल्ड बरोबर, कारण चुकीचं, असंच ना? ताई, एक शेवटचं विचारतो. तोच गुलाम बदामाचा आला असता, बाकी सगळं तसंच, तर?

करवीरची_ताई

तर कॉल, निदान अनोळखी माणसापुढे तरी. त्या बारा इस्पिकच्या जोड्या जवळपास सगळ्या फुकट गेल्या असत्या, त्या खऱ्यातून निघून ब्लफमध्ये आल्या असत्या. फक्त तेव्हा तुझा तो इस्पिकचा एक्का तुझ्याविरुद्ध जातो, एक्का धरून फ्लशची वाट बघणारे हात समोरच्याकडे नसतात, म्हणजे ब्लफ तेवढे कमी. किलवरचा एक्का असता तर मी जास्त पटकन कॉल केला असता. पण दोन तासांत एकदाच बेट टाकून सेट दाखवणाऱ्या तुझ्या या काकांपुढे मी तिथेही खूप वेळ बसले असते.

डिचोलीचो_पत्तेवालो

वेळ घे, तेवढी दोन मिनिटं कोणी हिसकावत नाही. पुढच्या वेळी आकड्याआधी माणसाकडे बघ. देव बरें करूं.