उमेदवार गडगंज असला की खात नाही, हे खरं का?

खाडीकाठ (मालवण):
निवडणूक आली की इथे ठरलेलं वाक्य, "तेका काय कमी आसा? तो कित्याक खायत?" नाथ पै आणि मधू दंडवते यांच्यासारख्या साध्या राहणीच्या समाजवादी खासदारांना दिल्लीला धाडणाऱ्या मुलखात आता चिरेखाणी, डंपर, हॉटेलं असलेला माणूस भरवशाचा वाटतो. त्याचा धंदा सरकारला कुठे चिकटलाय ते कागदावर कळतं का?

सातबारा:
बरंचसं कळतं. निवडणूक आयोगाच्या साइटवर उमेदवाराने अर्जासोबत दिलेलं नमुना २६ चं शपथपत्र असतं, त्यात मालमत्ता, उत्पन्न वगैरे लिहावं लागतं. एकूण मालमत्तेच्या आकड्यात अडकू नका, जमिनीचा बाजारभाव उमेदवारच अंदाजे लिहितो. त्यातही कोकणात जमिनीची सामायिक खाती, म्हणजे एकाच जमिनीवर अनेक भाऊबंदांची नावं, तेव्हा हिश्शावरून लगेच लपवाछपवी ठरवू नका. उत्पन्नाची साधनं आणि सरकारी कंत्राटं हे रकाने वाचा. कंत्राटांत जोडीदार, अवलंबित, एकत्र कुटुंब, भागीदारी फर्म, शेअर असलेली खासगी कंपनी सगळं येतं. स्वतंत्र कमावणारा मुलगा किंवा भाऊ येत नाही, मेख तिथेच आहे.

तांबडी माती:
पण सरकारी कंत्राटदाराला उभंच राहता येत नाही ना?

सातबारा:
अर्धं खरं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९अ चालू कंत्राटाला लागतं, तेही मालपुरवठा किंवा कामाच्या. आमदारकीला राज्य सरकारचं कंत्राट आड येतं, खासदारकीला केंद्राचं. म्हणजे राज्याच्या रस्त्याचं काम चालू असूनही लोकसभा लढवता येते. काम पुरं झालं आणि फक्त बिल थकलं असेल तर तेही चालू कंत्राट धरत नाहीत.

दर्यावर्दी:
खर्चाची मर्यादाही बघा. आपल्याकडे लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख, पण हिशोब अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचाच. २०२४ ची विधानसभा नोव्हेंबरात होती, गणपती सप्टेंबरात. चाकरमान्यांना फुकट बस, मंडळांना वर्गणी, क्रिकेटचे चषक, सगळं त्याआधीच उरकतं आणि मर्यादेत धरलं जात नाही. 'दिलदार माणूस' हे नाव तिथेच पडतं. वर पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला मर्यादाच नाही.

खाडीकाठ:
शपथपत्रात खोटं सापडलं तर?

सातबारा:
छाननीआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पुराव्यासह प्रतिशपथपत्र, म्हणजे त्याची माहिती खोडणारं आपलं शपथपत्र, द्या, तेही साइटवर चढतं. मात्र खरंखोटं तो अधिकारी तपासत बसत नाही. रकाना कोराच ठेवला आणि सांगूनही भरला नाही, तर अर्ज बाद करू शकतो. माहिती दडवल्यास कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. निवडच रद्द करायची असेल तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका. ती मतदारालाही करता येते.