लंडनच्या वकिलाचं पत्र आलं, अकरा एकराचा भाव विचारते

वावरवाला (दारव्हा तालुका)

राजेहो, हसू नका. आमचे काका नागपूर मेडिकलमधून डॉक्टर झाले अन् 1971 साली इंग्लंडला गेले, ते तिकडचेच झाले. पासपोर्टही तिकडचाच. काकू आधीच गेल्या, काका या फेब्रुवारीत. परवा सरकी टोबणं चालू होतं तर कुरियरवाला थेट वावरात. पाकीट लंडनच्या एका मोठ्या लॉ फर्मचं. कागद असा जाड की लग्नपत्रिका झक मारते. खाली ‘प्रायव्हेट क्लायंट’ विभाग, अन् जिनिव्हा, दुबई, हाँगकाँग अशा ऑफिसांची माळ.

पुतणीनं वाचून दाखवलं. काकांचं मृत्युपत्र आहे, सगळं चुलतभावाला. अन् मले विचारते की अकरा एकरात काकांचा हिस्सा किती, मृत्यूच्या तारखेला बाजारभाव काय, विहीर कोणाची, झाडं किती!

सातबारावर आजोबांनंतर बाबा अन् काका, बाबांच्या जागी आता मी. पण 1994 मध्ये आजीच्या तेरवीला आले तेव्हा काका ओट्यावर बसून चारचौघांत बोलले होते, ‘हे वावर तुयंच, मले काय करायचं.’ तेव्हापासून मीच वाहतो. विहीर बाबांनी खोदली, मोटर माझी. लंडनच्या वकिलाला आमच्या वावराचं काय पडलं? अन् पुतणी म्हणते हे लोक सहा-सहा मिनिटांचे पैसे लावतात. उत्तर दिलं तर बिल माझ्या नावानं तर नाही फाटणार?

पांढरं सोनं

भाऊ, आधी फ्रॉड तं नाई ना पाय. आमच्या इकडे एकाले अशीच ‘वारसाची रक्कम’ आली होती, आधी फी भरा म्हने. भरली, अन् बसला बोंबलत. इंग्लंडातले वकील तिकडच्या सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या यादीत असतेत. पत्रावरच्या नंबरले फोन लावू नको. त्या यादीत फर्म शोध, तिथल्या नंबरले लाव.

काळा कोट, यवतमाळ

पत्र खरं धरून सांगतो. ओट्यावरचं बोलणं ओट्यावरच राहिलं. स्थावरातला हक्क सोडायचा किंवा बक्षीस द्यायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो. तुम्ही एकट्यानं वाहिलं म्हणून काकांचा हिस्सा गळत नाही, सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीनं समजतात.

जमिनीला कायदा ती जिथे आहे तिथला, म्हणजे आपला. पण आपला कायदाही मृत्युपत्र मानतो. चुलतभाऊ ब्रिटिश नागरिक असला तर इथे शेती विकत घेऊ शकत नाही, वारसानं मात्र मिळू शकते. पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्याला, अन् आपल्या विदर्भाच्या 1958 च्या कुळकायद्याच्या कलम 89 मुळे बिगरशेतकऱ्याला सहसा नाहीच. म्हणजे गिऱ्हाईक तुम्हीच! संबंध चांगले असतील तर हक्कसोडपत्राचं बोला. तो येत नसेल तर तिकडे मुखत्यारपत्र करून पाठवू द्या, पण ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावा.

अन् ती फर्म तुमची वकील नाही. ती मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाची. पत्र गोड आहे म्हणून तो सल्ला समजू नका.

माहेर पुसद

मी इकडे लेस्टरला असते. वावराचं काय पडलं ते सांगते. आपल्याकडे मृत्यूनंतरचा कर 1985 मध्येच बंद झाला, इकडे आहे: 3,25,000 पौंडांच्या वर 40 टक्के. सवलती असतात, पण लंडनकडे एक घर असलं तरी आकडा जवळ येतो. इथे जन्म काढलेल्या माणसाची जगभरातली मालमत्ता मोजतात, म्हणून तुमची विहीरही कराच्या फॉर्मात. काका फेब्रुवारीत गेले म्हणजे कर ऑगस्टअखेर, मग व्याज. घाई त्याची आहे.

सहा मिनिटांचं खरं आहे, तासाचे दहा तुकडे. बिल काकांच्या मालमत्तेतून जातं, तुमच्याकडून नाही. पण सासऱ्यांच्या वेळी आमच्या वकिलानं ‘मिळालं, धन्यवाद’ एवढ्यालाही एक तुकडा लावला होता. तेव्हा सगळं एकाच ईमेलात पाठवा, पैसे शेवटी तुमच्या भावाचेच जातात.

वावरवाला (दारव्हा तालुका)

फर्म यादीत सापडली, खरी आहे. सातबारा मोबाईलवर निघाला, पण आजोबांच्या वेळच्या फेरफारासाठी तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) चार चकरा झाल्या. त्याच्या दारात बसलो त्याचे सहा-सहा मिनिटांचे तुकडे केले अन् लंडनच्या दरानं बिल लावलं तर विहीर पुन्हा बांधून होईल.

रात्री भावाला फोन केला. ओट्याची गोष्ट त्याला माहीत होती. काकांनीच सांगितली होती म्हणे, लिहून मात्र ठेवली नाही. दोघंही थोडा वेळ गप्प. मग मी म्हटलं, झाडं किती लिहू? तर म्हणतो, विहिरीजवळचा आंबा आहे का अजून?

आहे. बारा कडुनिंब, चार बोरी, एक आंबा. एकाच ईमेलात पाठवलं.