मयूरशिखा कुंडीत बुडाशी काळी पडतेय

प्रश्न:
मयूरशिखा (ॲक्टिनिऑप्टेरिस रेडिएटा, पंख्यासारख्या पानांचा नेचा) सहा इंची कुंडीत आहे. पोयटा, कोकोपीट आणि शेणखत समप्रमाणात, पाणी रोज. तीन आठवड्यांत देठ बुडाशी काळे पडले, काही पंखे (पानं) मिटलेत. माती बदलावी का? बीजाणूंपासून रोपं होतील का?

उत्तर १:
बदलाच, आणि आजच. हा नेचा कातळाच्या भेगांत, जुन्या दगडी भिंतींच्या सांध्यांत वाढतो. पाणी येतं आणि वाहून जातं, मुळाशी साचत नाही. कोकोपीट ओल धरून ठेवतं, वर शेणखत, म्हणून बूड कुजलं. बारीक खडी २ भाग, विटेचा चुरा १ भाग, चाळलेलं पानखत १ भाग घ्या. जुन्या भिंतीचा पडलेला चुना मिळाला तर मूठभर घाला. काळा भाग स्वच्छ ब्लेडने कापा. रोप दोन दगडी कपच्यांमध्ये घट्ट बसवा, कोंब मिश्रणाच्या वरच राहू द्या. कोंब पुरला की पुन्हा कुजणार. वरचा थर कोरडा झाल्यावरच पाणी द्या.

उत्तर २:
मिटलेला प्रत्येक पंखा मेलेला नसतो, घाईने कापू नका. पाणी तुटलं की पंख्याच्या पट्ट्या आत वळून झाडूसारख्या जुळतात, रंग मळकट होतो. असं एक पान रात्रभर पाण्यात ठेवा. जिवंत असेल तर पुन्हा पसरून हिरवं होतं. देठ बुडाशी मऊ लागला आणि हलक्या ओढीने सुटून आला तर मात्र ते गेलं.

उत्तर ३:
बीजाणूंसाठी लांब देठाची पानं बघा. भिंगाखाली अरुंद पट्टीच्या दोन्ही कडा खाली दुमडलेल्या दिसतात. त्या उचलल्या जाऊन आत तपकिरी रेघ दिसली की पान कापून कागदाच्या घडीत दोन दिवस ठेवा. विटेचा चुरा उकळत्या पाण्याने भिजवून निववा, त्यावर कागदात पडलेली बीजाणूंची भुकटी चिमूटभरच टाका. दाट टाकली तर रोपं एकमेकांना गुदमरवतात. वर प्लास्टिक, जागा उजेडाची पण उन्हाची नाही. पाणी उकळून गार केलेलंच फवारा, नाहीतर शेवाळ आधी जागा धरतं. बीजाणूंतून आधी हिरवे पापुद्रे उगवतात, ते दिसले तरी फवारणी थांबवू नका; रोप होण्यासाठी त्यांच्यावरची नर पेशी पाण्याच्या थरातूनच मादी पेशीकडे पोहत जाते.

उत्तर ४:
नवं रोप हवं म्हणून किल्ल्याच्या भिंतीतून उपटून आणू नका. आखूड खोड भेगेत अडकलेलं असतं, ओढलं की मुळं तिथेच तुटून राहतात. शिवाय 'मयूरशिखा' नावाने कोंबडा हे तुऱ्यासारख्या फुलाचं झाडही विकतात. पान पंख्यासारखं दुभंगत गेलेलं आहे ना, एवढं पाहूनच घ्या.