कुटुंबासाठी आणि ट्रेलरसाठी पिकअप: डोळे मिटून टोयोटा घ्यावी का?

डॅलसकर

काल एका नव्या सदस्याने विचारले होते की, दोन मुले, दर उन्हाळ्यात भारतातून राहायला येणारी आई आणि नुकताच पसंत केलेला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचे फिरते घर), एवढे सगळे सांभाळेल अशी विश्वासार्ह पिकअप कोणती. त्यावर 'टंड्रावाला' यांनी तीन ओळींत निकाल दिला: "डोळे मिटून टोयोटा घ्या. १२,००० पौंड ओढते आणि तुमचा ट्रेलर भरून ७,०००चा. बाकीच्यांच्या गाड्या वर्कशॉपातच उभ्या असतात." असल्याच सल्ल्यावर विसंबून मी सहा वर्षांपूर्वी चुकीची गाडी घेतली होती, म्हणून सविस्तर लिहितो.

जाहिरातीतला ओढण्याचा आकडा सर्वांत हलक्या, ठरावीक इंजिन आणि ठरावीक मागच्या अ‍ॅक्सलच्या गाडीचा असतो. आपण घेतो ती चार दारांची, चामडी आसनांची, काचेच्या छताची गाडी. तिची खरी मर्यादा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील लेबलावर छापलेली असते: माणसे आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त भार नको. माझ्या गाडीवर १,४४७ होते. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचवर (ट्रेलर जोडण्याच्या मागच्या सांध्यावर), म्हणजे गाडीच्या पाठीवर येतो. ७,००० पौंडांच्या ट्रेलरचे मध्यम धरले तरी ९००. हिचचे लोखंड ९०. आम्ही दोघे, दोन मुले आणि आई मिळून ६२०. बेरीज १,६१० झाली आणि अजून मागच्या हौद्यात एक कूलरही ठेवलेला नाही. म्हणजे ११,००० पौंड ओढणारी म्हणून घेतलेली गाडी ७,०००च्या ट्रेलरलाच मर्यादेबाहेर गेली. विक्रेत्याने हे लेबल मला दाखवले नाही, आणि मीही विचारले नाही.

विश्वासार्हतेबद्दल म्हणाल तर बोधचिन्ह पाहून ती कळत नाही. कोणते इंजिन आणि कोणत्या वर्षीचे, हे पाहावे लागते. ज्या टंड्राच्या, म्हणजे टोयोटाच्या मोठ्या पिकअपच्या, नावाने आपण शपथ घेता, तिच्या २०२२ आणि २०२३च्या ट्विन-टर्बो (हवा दाबून आत भरणारे दोन पंखे असलेल्या) व्ही-६ इंजिनांत कारखान्यातील धातूचा कीस राहिल्यामुळे टोयोटाने २०२४मध्ये सुमारे १,०२,००० गाड्या परत बोलावल्या. त्यांत काही लेक्सस, म्हणजे टोयोटाच्याच महागड्या गाड्या, होत्या. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये आणखी सुमारे १,२७,००० गाड्यांची भर पडली. जनरल मोटर्सनेही २०२५च्या एप्रिलमध्ये ६.२ लिटर व्ही-८च्या जवळजवळ ६ लाख गाड्या परत बोलावल्या. म्हणजे त्यांच्या सिल्व्हराडो आणि सिएरा पिकअपवालेही सुटले नाहीत. डोळे मिटून घेण्याजोगी पिकअप आज बाजारात नाही.

टंड्रावाला

माझ्या तीन ओळींवर एवढा मोठा लेख पाडलात, तर उत्तरही ऐकून घ्या. माझी टंड्रा २०१२ची आहे, ५.७ लिटर व्ही-८, आणि तिच्यावर २,६०,००० मैल झाले आहेत. इंजिन कधी उघडलेले नाही. तिने माझी दोन घरे हलवली, दहा वर्षे ट्रेलर ओढला आणि मुलीला कॉलेजच्या वसतिगृहात सामानासकट पोहोचवले. नव्या इंजिनात दोष निघाला, हे मला मान्य आहे. पण कंपनीने तो कबूल केला आणि पहिल्या फेरीत सरळ नवे इंजिन बसवून देण्याचे ठरवले. जनरल मोटर्सने काय केले? गाडी तपासायची, तपासणीत पास झाली तर ०डब्ल्यू-२० या पातळ तेलाच्या जागी जाड ०डब्ल्यू-४० तेल घालायचे आणि घरी पाठवायचे. या दोन गोष्टी आपण एकाच पंक्तीत बसवता, याचा मला राग आहे.

आणि लेबलाचे म्हणाल, तर आमचा ट्रेलर ६,५००चा आहे. गाडीत आम्ही चौघे असतो, हौदा सामानाने भरलेला असतो. दहा वर्षांत काही झालेले नाही. कंपन्या वकिलांच्या भीतीने आकडे कमी छापतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

घाटमाथा_डेन्व्हर

"दहा वर्षांत काही झाले नाही" हे वाक्य मी स्वतः नऊ वर्षे म्हणत होतो.

आमच्या कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरील आयसेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. पश्चिमेला बाहेर पडले की सिल्व्हरथॉर्नपर्यंत काही मैल ७ टक्क्यांपर्यंतचा उतार लागतो, आणि ब्रेक निकामी होऊन सुटलेल्या ट्रकांसाठी सैल खडीचे दोन चढ तिथे उगाच बांधलेले नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्या उतारावर माझ्या गाडीत कुटुंब आणि मागे ६,८०० पौंड होते. गाडी कोणती होती ते सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. मी ती २०० पौंडांहून अधिक जास्त लादली होती. मागची चाके दबली आणि पुढची हलकी झाली, त्यामुळे स्टिअरिंग सैल लागू लागले. शेजारून कंटेनर गेला तसा ट्रेलर डोलू लागला, मी ब्रेक धरून ठेवला आणि अर्ध्या वाटेत तापलेल्या ब्रेकचा वास गाडीत भरला. मागे बसलेला मुलगा विचारत होता, "बाबा, काही जळतंय का?" खाली थांबलो तेव्हा चाकांतून धूर येत होता.

माझे वडील एसटीत चालक होते. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे त्यांचे वाक्य मी लहानपणापासून ऐकले होते आणि त्या दिवशी विसरलो. टो-हॉल मोड (ओझे ओढताना खालचा गिअर धरून ठेवणारी सोय) लावला असता तर गिअरबॉक्सने तेच काम केले असते. चाकात, ब्रेकमध्ये आणि हिचमध्ये वकील बसलेला नसतो. तिथे फक्त वजन असते.

आणखी एक, जे टेक्सासच्या सपाटीवर राहणाऱ्यांना जाणवत नाही. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावते. बोगद्याजवळ व्ही-८चा जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असतो. आमच्याकडे फोर्डच्या ३.५ लिटर इकोबूस्टला, म्हणजे टर्बो इंजिनाच्या गाडीला, लोक पसंती देतात, ती यासाठी. तिच्या जुन्या मॉडेलांतील कॅम फेझरची (इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या भागाची) खडखड प्रसिद्ध आहे आणि दहा-गिअरी गिअरबॉक्सबद्दलच्या तक्रारीही मी नाकारत नाही. पण घाटात ती दम टाकत नाही.

मिशिगन_तेलवाला

इंजिनांची चर्चा चालू आहे आणि तेलाचा विषय सर्वांनी दोन शब्दांत उरकला. मी बावीस वर्षे इंजिनांच्या चाचण्यांत काम केले आहे. मायलेजच्या नियमांपायी तेल पातळ होत गेले आणि तेल बदलण्याचे अंतर १०,००० मैलांपर्यंत नेले गेले. ट्रेलर ओढणाऱ्याने ५,०००च्या पलीकडे जाणे म्हणजे इंजिनाशी वैर आहे. वाहनपुस्तिकेत ट्रेलर ओढणे हा कठीण वापर म्हणून वेगळा लिहिलेला असतो. ते पान कुणी उघडत नाही. टंड्रावाला यांची गाडी २,६०,००० मैल चालली, त्याचे श्रेय टोयोटाइतकेच त्यांच्या तेल बदलण्याच्या सवयीला असेल, असे मी पैजेवर सांगतो.

टंड्रावाला

दर ५,००० मैलांना, न चुकता. हे मात्र आपण बरोबर ओळखले.

दोन_मुलांची_आई

इथे सगळे पौंड आणि लिटर मोजत आहेत, म्हणून विचारते. शीर्षकात "कुटुंबासाठी" हा शब्द आहे. या गाड्यांच्या बॉनेटच्या उंचीबद्दल कुणी का बोलत नाही? आयआयएचएसने (अमेरिकी विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने) २०२३मध्ये सुमारे १८,००० पादचारी अपघात तपासले. बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच असेल, तर ३० इंचांहून कमी आणि उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा पादचारी दगावण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. पूर्ण आकाराची पिकअप नेमकी त्या उंच वर्गात मोडते.

आमच्या गल्लीत मागच्या वर्षी एका शेजाऱ्याने ड्राइव्हवेमधून गाडी पुढे घेतली. माझी चार वर्षांची मुलगी खडू उचलायला बॉनेटसमोर वाकली होती. मी ओरडले म्हणून तो थांबला. तो चांगला माणूस आहे, सावकाश चालवतो, आणि त्याला ती दिसलीच नाही. मागचा कॅमेरा २०१८च्या मेपासून प्रत्येक नव्या गाडीला सक्तीचा आहे. पुढच्याची सक्ती नाही.

टंड्रावाला

ताई, ज्यांना ट्रेलर ओढायचा नाही त्यांनी मिनीव्हॅन घ्यावी, आम्ही अडवलेले नाही. पण आम्ही गाडी घेतली की आम्ही मुलांचे शत्रू, हा सूर मला मान्य नाही. मी गाडी काढण्यापूर्वी तिच्याभोवती फेरी मारतो.

दोन_मुलांची_आई

मला ताई म्हणून माझी समजूत काढू नये. मी कुणाला शत्रू म्हटलेले नाही. आपण फेरी मारता ते चांगले आहे, पण सकाळी साडेसातला, मुलाचा डबा विसरलेला असताना, दर वेळी माराल का? मी स्वतः मारली नसती, हे प्रामाणिकपणे सांगते.

डॅलसकर

टंड्रावाला, आपला आवाज चढला आहे आणि त्यांचा मुद्दा तसाच उभा आहे. माझ्या उंचीच्या माणसालाही त्या आसनावरून बॉनेटच्या पुढचे कित्येक फूट दिसत नाहीत. मी नवी गाडी घेताना चारही बाजूंच्या कॅमेऱ्यांसाठी जादा पैसे मोजले आणि त्यासाठी काचेचे छत सोडले, ज्यामुळे लेबलावरचा आकडाही वाढला.

टंड्रावाला

आणि तो कॅमेरा चिखलाने झाकला की? पडद्याकडे पाहून गाडी चालवणाऱ्यांची पिढी तयार करायची आहे का? आमच्या काळी...

दोन_मुलांची_आई

आपल्या काळी बॉनेट एवढे उंच नव्हते. आपल्याच २०१२च्या गाडीशेजारी आजची कुठलीही पिकअप उभी करून पाहा.

घाटमाथा_डेन्व्हर

हे मी केले आहे. त्यांचे म्हणणे खरे आहे. नव्या गाडीपुढे माझा सात वर्षांचा मुलगा उभा राहिला, तर फक्त टोपी दिसते.

टंड्रावाला

ठीक आहे. नव्या गाड्या उंच झाल्या आहेत, हे मान्य करतो. मला ते आवडतही नाही. हौद्यात सामान चढवताना माझे खांदे दुखतात.

मिशिगन_तेलवाला

मूळ प्रश्न विचारणाऱ्यासाठी एक पर्याय कुणीच मांडला नाही. पाच माणसे आणि ७,०००चा ट्रेलर ही जोडी अर्ध्या-टनी गाडीच्या, म्हणजे टंड्रा किंवा फोर्डच्या एफ-१५० वर्गाच्या, अगदी काठावरची आहे. त्याहून जड, पाऊण-टनी, म्हणजे फोर्डची एफ-२५० किंवा इतरांच्या २५०० वर्गातील पेट्रोल गाडी पाहावी. लेबलावर बहुधा ३,०००च्या आसपास आकडा मिळतो. रिकामी असताना ती खड्ड्यांत उडते आणि आजींच्या कमरेला ते मानवणार नाही, हेही सांगून ठेवतो. घराच्या गॅरेजची लांबी आधी मोजा. चार दारांची, साडेपाच फुटी हौद्याची एफ-१५०सुद्धा १९ फुटांच्या वर जाते.

डॅलसकर

उलट मी म्हणेन, गाडी मोठी करण्याआधी ट्रेलर लहान करा. ट्रेलरचे माहितीपत्रकातील वजन कोरडे असते. ४० गॅलन पाणी भरले की ३३० पौंड वाढतात. भांडी, अंथरुणे, गॅस वेगळे. भरून ५,५००चा ट्रेलर, साध्या ट्रिमची (कमी सोयींच्या आवृत्तीची) गाडी, १,८००च्या वरचे लेबल, कंपनीने बसवलेला ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून लावणारा) आणि वजन विभागणारी हिच, एवढ्यात पाच जणांचे कुटुंब नीट बसते. मागच्या आसनांवर मुलांच्या सीट स्वतः लावून, मध्ये आईला बसवून पाहा आणि मगच सही करा. आमच्या आईंना पायरीशिवाय चढता येत नाही, हे आम्हाला गाडी घरी आल्यावर कळले.

टंड्रावाला

आज सकाळी बाहेर जाऊन लेबल वाचले. चौदा वर्षांत पहिल्यांदा. १,३१० आहे. नंतर ट्रेलर जोडून, चौघांना बसवून आणि नेहमीचे सामान भरून महामार्गावरच्या ट्रक थांब्यावरील काट्यावर गेलो. १९० पौंड जास्त भरले. मागच्या अ‍ॅक्सलवरचा भार मर्यादेत होता, त्यामुळे मी अगदीच चुकलो, असे मी म्हणणार नाही. पण जनरेटर हौद्यातून काढून घरी ठेवला आहे, ट्रेलरची पाण्याची टाकी यापुढे मुक्कामाला पोहोचल्यावरच भरणार, आणि मूळ प्रश्नकर्त्याला दिलेल्या सल्ल्यातले "डोळे मिटून" हे दोन शब्द मागे घेतो. टोयोटा हा शब्द मागे घेत नाही.